मॅगसेसे पुरस्कार सगळ्यांना माहितीय, पण बंदुकीने न मिटलेलं बंड मिटवणारे मॅगसेसे कोण होते?

विनोबा भावे, सी. डी. देशमुख, बाबा आमटे, रजनीकांत आणि मेबल आरोळे, पांडुरंगशास्त्री आठवले, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे मॅगसेसे पुरस्कार. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना तर कोणाला कधी मिळाला ते वर्षासकट पाठ असतं.

पण मॅगसेसे हे कोण, असं विचारलं की बहुतेकांची गाडी फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष इथपर्यंत येऊन थांबते. खरं तर राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधीच या माणसाने एक अशी गोष्ट केली होती, जिचा अभ्यास जगभरातल्या लष्करी शाळांमध्ये आजही होतो. राजधानीच्या दारापर्यंत आलेलं सशस्त्र बंड त्यांनी चार वर्षांत मोडून काढलं. आणि त्याची सुरुवात त्यांनी केली सैनिकांच्या जेवणापासून.

रेमन मॅगसेसे यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९०७ चा, लुझोन बेटावरच्या झांबालेस प्रांतातल्या इबा गावचा. वडील एक्झेकिएल लोहारकाम करायचे, आई पर्फेक्टा शिक्षिका होती. वडील काही काळ शाळेत सुतारकाम शिकवायचे, पण शाळा अधीक्षकाच्या मुलाला त्यांनी नापास केलं आणि नोकरी गमावली, असं सांगतात. मग घरच्यांनी कास्तिलेहोसला बिऱ्हाड हलवलं, तिथे लोहाराचा भाता आणि एक छोटं दुकान यावर संसार चालला.

रेमन इंजिनिअरिंगला गेला, ते जमलं नाही. ड्रायव्हरची कामं करत करत शेवटी कॉमर्सची पदवी घेतली आणि एका बस कंपनीत मेकॅनिक म्हणून चिकटला. तिथेच पुढे मॅनेजर झाला. त्या काळात फिलिपिन्सचे नेते म्हणजे वकील, मोठ्या हवेल्यांमधले, स्पॅनिश बोलणारे लोक. हातात पाना धरलेला माणूस राजकारणात येईल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग महायुद्ध आलं. जपानने फिलिपिन्स घेतलं आणि मॅगसेसे डोंगरात गेले. झांबालेसमध्ये त्यांनी गनिमी तुकड्या चालवल्या आणि १९४५ ला अमेरिकन सैन्य तिथल्या किनाऱ्यावर उतरलं तेव्हा वाट मोकळी करून देण्यात या तुकड्यांचा हात होता. हे लक्षात ठेवा. पुढे जे बंड त्यांना मोडायचं होतं, ते करणारे लोकही असेच डोंगरात राहिलेले गनीम होते. उपाशी गनीम कुणाच्या दारात भात मागतो आणि ते दार का उघडतं, हे मॅगसेसेंनी स्वतः अनुभवलेलं होतं.

आता ते बंड काय होतं ते बघू.

मनिलाच्या उत्तरेला मध्य लुझोनचा सपाट पट्टा आहे. पाम्पांगा, नुएवा एसिहा, तारलाक, बुलाकान हे प्रांत म्हणजे देशाचं भाताचं कोठार. पण जमीन मूठभर जमीनदारांची आणि कसणारी कुळं. अर्धेलीने शेती करायची, पीक आलं की निम्मं मालकाला द्यायचं, उरलेल्यातून उसनं घेतलेलं धान्य व्याजासकट फेडायचं आणि पुन्हा उसनं मागायला मालकाच्याच दारात जायचं. कुळकायदा येण्याआधीचे दिवस ज्यांनी आजोबांकडून ऐकलेत त्यांना हे चक्र वेगळं समजवायला नको.

मार्च १९४२ मध्ये याच भागातल्या शेतकऱ्यांनी जपानविरुद्ध फौज उभी केली. नाव लांबलचक होतं, हुकबालाहाप, म्हणजे जपानविरोधी लोकसेना. लोक नुसतं हुक म्हणायचे. नेता होता पाम्पांगातल्या कुळाच्या घरात जन्मलेला लुईस तारुक. पक्के कम्युनिस्ट त्यात होते, पण साध्या शेतकऱ्यांचा भरणा जास्त होता.

युद्ध संपल्यावर या लोकांना वाटलं होतं की आता मान मिळेल. झालं उलटं. अमेरिकनांनी त्यांची शस्त्रं काढून घेतली, तारुकला तुरुंगात टाकलं. मनिलाला पळून गेलेले जमीनदार परत आले आणि मधल्या वर्षांचा खंड मागायला लागले. त्यातही अनेक जमीनदार जपान्यांशी हातमिळवणी केलेले.

तरीही हुक लगेच जंगलात गेले नाहीत. १९४६ ला त्यांनी डाव्या आघाडीकडून रीतसर निवडणूक लढवली आणि आघाडीचे सहा जण निवडून आले, त्यात खुद्द तारुक. पण त्यांना संसदेत बसूच दिलं नाही. अमेरिकन कंपन्यांना देशाच्या साधनसंपत्तीवर समान हक्क देणारी घटनादुरुस्ती तेव्हा मंजूर करायची होती आणि हे सहा जण आत असते तर लागणारं बहुमत भरलं नसतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेतकरी नेता हुआन फेलेओ याचं अपहरण झालं आणि त्याचा खून झाला. त्यानंतर पुरून ठेवलेल्या बंदुका बाहेर निघाल्या.

सरकारचं उत्तर होतं दंडुका. राष्ट्राध्यक्ष रोक्सास यांनी कॉन्स्टॅब्युलरी म्हणजे निमलष्करी पोलीस आणि जमीनदारांच्या खासगी टोळ्या गावांवर सोडल्या. हे पोलीस इतके हलाखीत होते की जिथे मुक्काम पडेल तिथल्या कोंबड्या, तांदूळ, डुकरं उचलून न्यायचे. संशय आला की घरं जाळायचे. हुक रात्री येऊन जेवण मागायचे, पोलीस दिवसा येऊन हिसकावून न्यायचे. गावाने कुणाची बाजू घ्यावी? चार वर्षं दंडुका चालला आणि चार वर्षांत हुक वाढतच गेले.

१९४९ ची निवडणूक म्हणजे तर कहर होता. रोक्सास यांच्या मृत्यूनंतर आलेले एल्पिदिओ किरिनो जिंकले खरे, पण लानाओ प्रांतात मेलेल्या माणसांनीच नाही तर पक्ष्यांनीही मतदान केलं, असा विनोद देशभर चालला. मतपेटीने काही होत नाही, बंदुकीनेच होतं, हे हुकांचं म्हणणं सरकारने आपल्या हाताने खरं करून दाखवलं.

१९५० पर्यंत हुकांकडे १२ ते १५ हजार हत्यारबंद माणसं झाली. ऑगस्टमध्ये त्यांनी एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ले केले. तारलाकमधल्या लष्करी छावणीत तर रुग्णालयातल्या आजारी लोकांनाही मारलं. मनिलात श्रीमंतांनी घराभोवती पहारे वाढवले.

अशा वेळी, सप्टेंबर १९५० ला, किरिनो यांनी संरक्षणमंत्रिपद दिलं ४३ वर्षांच्या मॅगसेसेंना. ते तोवर दोनदा निवडून आलेले खासदार होते, संरक्षण समितीचं काम बघितलेलं होतं आणि अमेरिकनांना हा गडी पसंत होता. त्यांच्यासोबत एक अमेरिकन सल्लागारही आला, एडवर्ड लॅन्सडेल. अधिकृतपणे हवाई दलाचा अधिकारी, प्रत्यक्षात सीआयएचं काम करणारा. दोघांची इतकी जमली की जिवाला धोका म्हणून मॅगसेसे काही काळ लॅन्सडेलच्याच घरी राहायला होते.

मंत्र्यांनी पहिल्यांदा काय केलं? सैनिकाचा रोजचा भत्ता ३० सेंटाव्होंवरून एक पेसो केला. म्हणजे तिपटीहून जास्त. आता सैनिकाला जेवण विकत घेता येत होतं, त्यामुळे कोंबडी चोरायला सबब उरली नाही. चोरली तर शिक्षा. ऐकायला हे फारच किरकोळ वाटतं, पण गावकऱ्याला सरकार भेटतं ते सैनिकाच्या रूपात. तो सैनिक चोर असेल तर सरकार चोर.

दुसरं म्हणजे अचानक भेटी. मॅगसेसे भल्या पहाटे, कधी मध्यरात्री, जीपने किंवा छोट्या विमानाने कुठल्याही छावणीवर जाऊन धडकायचे. भडक रंगाचे शर्ट, सोबत लवाजमा नाही. पहारेकरी झोपलेला सापडला, अधिकारी शहरात मजा मारताना सापडला की जागच्या जागी हकालपट्टी. चांगलं काम करणाऱ्याला तिथेच बढती. ट्रकच्या इंजिनात स्वतः डोकं घालून बघायचे, त्यामुळे सुटे भाग विकून खाणाऱ्यांची पंचाईत झाली. किरिनो यांच्याशी भांडून त्यांनी लष्करप्रमुख आणि कॉन्स्टॅब्युलरीचा प्रमुख दोघेही बदलायला लावले. कॉन्स्टॅब्युलरी आधीच गृहखात्याकडून लष्कराच्या हाताखाली आली होती. पुढे लढाईसाठी हजार-अकराशे माणसांच्या स्वतंत्र तुकड्या वाढवत नेल्या, त्यांची संख्या १० वरून २६ झाली.

तिसरी युक्ती होती तारेची. देशातल्या कुठल्याही माणसाने अगदी किरकोळ पैशांत थेट संरक्षणमंत्र्यांना तार करावी, कोणता अधिकारी त्रास देतो ते कळवावं आणि त्याची चौकशी लगेच सुरू होईल. लोकांना आधी ही थट्टा वाटली. मग एक-दोन गावांत खरंच चौकशीला माणसं आली आणि तारांचा पाऊस सुरू झाला. गंमत म्हणजे तक्रारीसोबत माहितीही यायला लागली, की हुक कुठे लपलेत, धान्य कुठून नेतात. विश्वास बसला की बातमीदार पगारावर ठेवावे लागत नाहीत.

सगळ्यात मोठा धक्का बसला ऑक्टोबर १९५० मध्ये. मंत्री होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. एका हुक कमांडरने भेटायची इच्छा कळवली. मॅगसेसे त्याला भेटायला एकटे गेले. खरं तर त्यांनाच मारायची कामगिरी या माणसावर होती. बोलणं झालं आणि तो फिरला. त्याने सांगितलं की मनिला शहरात टोपली घेऊन घरोघरी सामान पोचवणारी एक बाई आहे, तिच्यावर लक्ष ठेवा. गुप्तहेरांनी काही आठवडे तिच्या मागावर राहून घरांची यादी केली आणि १८ ऑक्टोबरला एकाच वेळी सगळीकडे छापे घातले. शंभराहून अधिक लोक पकडले गेले, त्यात पक्षाचा सरचिटणीस होसे लावा. ढीगभर कागदपत्रं हाती लागली. शेतात लढणाऱ्या हुकांचं शहरात बसलेलं डोकंच हाती आलं.

त्यानंतर काही दिवसांतच अटकेला कोर्टात आव्हान देण्याचा हक्क सरकारने तात्पुरता काढून घेतला. या यशाच्या कहाण्या सांगताना ही बाजू गाळली जाते, पण ती होती. काळ्या बाजूला आणखीही बरंच आहे. हुकांचे कपडे घालून त्यांच्यात घुसणाऱ्या आणि दगा करणाऱ्या लष्करी टोळ्या होत्या. आस्वांग या रक्त पिणाऱ्या भुताला खेड्यातले लोक घाबरत, म्हणून एका हुक सैनिकाला पकडून त्याच्या मानेला भोकं पाडली, रक्त काढून टाकलं आणि प्रेत वाटेवर ठेवलं, असं लॅन्सडेलनेच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. मॅगसेसेंचं युद्ध आधीच्यांपेक्षा स्वच्छ होतं, पण स्वच्छ नव्हतं.

मग बाकीच्या शेतकऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी दोन गोष्टी झाल्या. एक, जमीनदाराने कोर्टात खेचलेल्या कुळांची बाजू मांडायला लष्कराचे वकील फुकट उभे राहू लागले. ज्या लष्कराने काल जमीनदाराच्या सांगण्यावरून घर जाळलं, तेच आज त्याच्याविरुद्ध कोर्टात उभं. दोन, शरण येणाऱ्या हुकांना जमीन. जमीन कसणाऱ्याला मिळावी हीच तर हुकांची मागणी होती, ती मॅगसेसेंनी त्यांच्याकडून उचलली. लष्कराने दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावर जंगल साफ करून वसाहती उभारल्या, पहिली १९५१ मध्ये. घर, शेत, बियाणं, बैल सगळं उधारीवर.

आता आकडे बघितले तर या वसाहतींत एकूण हजार कुटुंबंही बसवली गेली नाहीत आणि त्यातले खरे हुक त्याहून बरेच कमी होते. पण बातमी मात्र प्रत्येक हुक छावणीत पोचली. रात्री चिखलात बसलेल्या माणसाला कळलं, की त्याच्यासारखाच कुणीतरी खाली उतरला, त्याला मारलं नाही, उलट शेत दिलं. एकेक करत लोक उतरायला लागले. जाता जाता एक सांगायला हवं. मिंदानाओची ती जमीन रिकामी नव्हती. तिथल्या मोरो मुस्लिमांच्या मुलखात उत्तरेकडचे लोक आणून बसवायचं सरकारी धोरण आधीपासून चालू होतं, या वसाहती त्यातच मिसळल्या आणि पुढे याच जमिनींवरून तिथे दुसरं बंड पेटलं.

पण हुकांचं कंबरडं मोडलं ते नोव्हेंबर १९५१ च्या निवडणुकीने. सिनेट आणि स्थानिक संस्थांची निवडणूक होती. हुकांनी मतदानावर बहिष्कार घाला म्हणून सांगितलं होतं, कारण १९४९ चं सगळ्यांनीच पाहिलं होतं. मॅगसेसेंनी मतदान केंद्रांवर सैनिक आणि कॉलेजातले छात्रसैनिक उभे केले, मतपेट्यांना पहारा दिला. लोक आले. आणि निकाल लागला तेव्हा सिनेटमध्ये चक्क विरोधी नासिओनालिस्ता पक्षाने बाजी मारली. सत्ताधारी पक्षाच्या मंत्र्याने इतकी स्वच्छ निवडणूक घेतली की त्याचाच पक्ष आपटला. हुकांच्या नेत्यांपुढे आता एक अवघड प्रश्न होता, मत मोजलं जातंय तर बंदूक कशाला?

याच निवडणुकीत पश्चिम नेग्रोस प्रांतात मोइसेस पादिया नावाच्या तरुणाने तिथल्या गव्हर्नरच्या मर्जीविरुद्ध एका गावात नगराध्यक्षपदाचा अर्ज भरला. गव्हर्नर राफाएल लाकसन म्हणजे त्या भागाचा सम्राट, स्वतःची खासगी फौज बाळगणारा. त्या फौजेने पादियाला पकडून गावोगाव फिरवत त्याचे हाल केले आणि शेवटी गोळ्या घातल्या. मॅगसेसे धावून गेले पण उशीर झाला. त्यांनी ते प्रेत स्वतःच्या हातांवर उचलून आणलं. लाकसन त्यांच्याच लिबरल पक्षाचा होता. तरी मॅगसेसेंनी त्याची फौज निःशस्त्र केली आणि त्याला खुनाच्या खटल्यात आरोपी म्हणून उभं केलं. हे चित्र देशाच्या मनातून कधी गेलंच नाही.

पण किरिनोंना हे सगळं जड जाणार हे उघड होतं. फेब्रुवारी १९५३ ला मॅगसेसेंनी राजीनामा दिला, विरोधी पक्षात गेले आणि नोव्हेंबरमध्ये किरिनो यांच्याविरुद्धच उभे राहिले. लॅन्सडेल आणि अमेरिकन पैसा त्यांच्या मागे होता, हे पुढे उघड झालं. पण बैलगाडीतून, होडीतून, चालत वाड्या-वस्त्यांवर जाणारा उमेदवार लोकांनी आधी कधी पाहिला नव्हता. सुमारे ६९ टक्के मतं घेऊन ते जिंकले. शपथविधीला त्यांनी पाश्चात्त्य सूट न घालता बारोंग तागालोग हा देशी पोशाख घातला आणि मालाकान्यांग राजवाड्याचे दरवाजे सामान्य लोकांसाठी उघडले. लोक चिखलाच्या पायांनी आत आले. तारेची युक्तीही राष्ट्राध्यक्षांच्या तक्रार समितीच्या रूपात सुरू राहिली.

इकडे हुकांची संख्या दोन हजारांच्या आसपास आली होती. तारुकशी बोलणी करायला एक विशीतला पत्रकार मध्यस्थ म्हणून डोंगरात जात होता, त्याचं नाव निनॉय अकिनो. होय, तेच, ज्यांना १९८३ मध्ये मनिला विमानतळावर गोळी घातली गेली. १७ मे १९५४ ला तारुक खाली उतरला. त्याला शिक्षा झाली आणि १९६८ पर्यंत तो तुरुंगात राहिला.

इथे कुणी म्हणेल, हुकांना हरवणं सोपंच होतं. त्यात थोडं तथ्य आहे. फिलिपिन्स बेटांचा देश, शेजारच्या देशातून शस्त्रं यायला सीमाच नाही. हुकांचा जोरही मुख्यतः मध्य लुझोनपुरता. आणि चुकाही केल्या. १९४९ ला माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी आउरोरा केसोन यांची गाडी अडवून त्यांची हत्या झाली, तो डाग हुकांवर बसला आणि सहानुभूती गेली. पण हीच बेटं, हेच हुक १९४६ ते १९५० मध्येही होते. तेव्हा ते वाढत होते. लॅन्सडेल पुढे हाच प्रयोग करायला व्हिएतनामला गेला, तिथे त्याला मॅगसेसे सापडला नाही.

राहिला जमिनीचा प्रश्न. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मॅगसेसेंनी १९५४ मध्ये कुळांसाठी कायदा आणला, १९५५ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा आणला. पण संसदेत बसले होते जमीनदार किंवा त्यांचे जावई, भाचे. त्यांनी दुसऱ्या कायद्याची अशी कापाकापी केली, की एका माणसाकडे सलग ३०० हेक्टरपेक्षा जास्त भातशेती असेल तरच तिला हात लागेल. म्हणजे साडेसातशे एकरांच्या आतल्या जमीनदाराला झोप उडवायचं काही कारण नव्हतं. सैन्य सुधारायला मंत्र्याचा एक आदेश पुरला होता, जमिनीला तो पुरला नाही.

त्यासाठी वेळही मिळाला नाही. १७ मार्च १९५७ च्या मध्यरात्रीनंतर सेबूहून मनिलाला निघालेलं त्यांचं माउंट पिनातुबो नावाचं विमान मानुंगाल डोंगरावर कोसळलं. विमानातल्या २६ पैकी २५ जण गेले, एक पत्रकार तेवढा वाचला. मॅगसेसे ५० वर्षांचेही नव्हते. अंत्ययात्रेला लाखो लोक होते.

त्याच वर्षी रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. १९५८ ला पहिल्यांदा तो देताना एक नाव निवडलं गेलं विनोबा भावे यांचं. विनोबांनी पहिलं भूदान घेतलं ते १९५१ मध्ये, तेलंगणातल्या पोचमपल्लीत. तिथेही भूमिहीन शेतकरी कम्युनिस्टांच्या मागे बंदुका घेऊन उभे राहिले होते.

आणि मध्य लुझोन? २९ मार्च १९६९ रोजी, हुकांच्या स्थापनेच्याच तारखेला, तारलाक प्रांतात न्यू पीपल्स आर्मी नावाची नवी बंडखोर फौज उभी राहिली. तिचा पहिला कमांडर होता हुकांच्या उरलेल्या टोळ्यांमधून आलेला बर्नाबे बुसकाइनो, तोही कुळाच्याच घरातला.